पाळलेल्या सापाची कात अडकली तर काय करायचं

पुण्यात मार्च लागला की ओळखीतल्या नवीन साप पाळणाऱ्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न जवळपास एकच असतो, ताई कात अर्धीच निघालीये, उरलेली हाताने काढू का? नका काढू. निदान आत्ता लगेच तरी नाहीच. मी आधी विचारते टबमधली, म्हणजे साप ठेवलाय त्या डब्यातली, ह्युमिडिटी (हवेतला ओलावा) किती आहे, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की मीटरच लावलेला नाहीये. कात अडकलेली दिसते सापाच्या अंगावर पण बिघडलेली असते ती टबमधली हवा, आणि ती न सुधारता नुसती कात ओढून काढली तर पुढच्या वेळी परत तेच होणार, वर नवीन कोवळ्या कातडीला जखम होणार ती वेगळीच.

हे सगळं मी बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे दोन बिनविषारी परदेशी साप धरून लिहितेय कारण नवीन लोकांकडे बहुतेक हेच दोन असतात. आपल्याकडचे जंगली साप, मग अजगर असो, नाग असो की बिनविषारी धामण, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यात पळवाट शोधू नका. बॉल पायथन असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, ती राहिली असेल तर आधी ते काम करा. आणि सोसायटीच्या बागेत एखादा साप कात टाकताना दिसला तर त्याला मदत वगैरे करायला जाऊ नका, तो आपलं आपण करतो, फारच माणसांच्या पायात येत असेल तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा.

आधी नीट कात पडते कशी ते समजून घ्या

कात टाकायची वेळ जवळ आली की सापाचा रंग मळकट दिसायला लागतो, बॉल पायथनचं पोट गुलाबीसर होतं, आणि मग डोळे दुधाळ निळे होतात. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, चष्म्याची काच बसवावी तसा, आणि कातीबरोबर तोही बदलतो. जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे पातळ द्रव साठतो म्हणून डोळे असे धूसर होतात. चार-पाच दिवसांनी हे निळेपण जातं, डोळे परत स्वच्छ दिसतात, आणि नवीन माणूस बरोबर इथे फसतो, त्याला वाटतं काहीतरी चुकलं, कात तर पडलीच नाही. खरी कात त्यानंतर अजून काही दिवसांनी पडते. सगळं मिळून एक ते दोन आठवडे धरून चला. पिल्लं भराभर वाढतात म्हणून साधारण महिन्या-दीड महिन्याने कात टाकतात, मोठा साप दोन-तीन महिन्यांनी.

कात पडताना साप ओठ खरबरीत जागी घासतो, ओठांवरची कात सुटली की ती कशाततरी अडकवतो आणि तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो, पायातला मोजा वरून सोलत काढावा तशी कात उलटी होऊन मागे राहते. म्हणून टबमध्ये एखादी खरबरीत फांदी, झाडाची साल किंवा ओबडधोबड दगड हवाच. नुसता गुळगुळीत प्लास्टिकचा टब आणि खाली वर्तमानपत्र असेल तर तो बिचारा घासणार कुठे?

डोळे निळे असताना त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे शांत सापही दचकतो, फुसकारतो, कधी चावायला येतो. त्या दिवसांत हात लावू नका, खायला देऊ नका, पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढू नका. बरेच साप स्वतःच खात नाहीत, त्याची काळजी नको. कात पडली की एक-दोन दिवसांनी खायला द्या.

पडलेली कात तपासायची, हे काम कधीच टाळू नका

कात ओलसर असतानाच उचला आणि हलक्या हाताने उलगडा, सुकली की कागदासारखी कुरकुरते आणि फाटते. पूर्ण कात सापापेक्षा लांब दिसते, ती ताणली जाते म्हणून, घाबरू नका. डोक्याचा भाग खिडकीजवळ उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी दोन छोट्या गोल, फुगीर काचा दिसल्या पाहिजेत, घड्याळाच्या काचेसारख्या पण अगदी पातळ. तिथे नुसती भोकं असतील तर काच सापाच्याच डोळ्यावर राहिली असण्याची शक्यता आहे. मग दुसरं टोक बघा, शेपटीचं टोक कातीत निमुळतं, बंद असलं पाहिजे. ते टोक तुटलेलं, उघडं असेल तर शेपटीवर तेवढा तुकडा राहिलाय.

हे मी एवढं का सांगतेय तर माझ्या चिंगीची शेपटी. चिंगी म्हणजे माझी बॉल पायथन. तिला घरी आणलं तेव्हा आम्ही कोथरूडला वरच्या मजल्यावर राहायचो, टबला वर पूर्ण जाळीचं झाकण, त्यावर बल्ब, खोलीत दिवसभर पंखा. कात आठ-दहा तुकड्यांत पडायची, मी तुकडे गोळा करून टाकून द्यायचे आणि मनात म्हणायचे पडली एकदाची. शेपटी कधी निरखून बघितलीच नाही. मग एक दिवस टोक काळं दिसलं, नखाने दाबलं तर कडक, वाळलेल्या मिरचीच्या देठासारखं. व्हेटकडे नेलं तर भिंगातून बघून ते म्हणाले, मॅडम ही एका वेळची कात नाहीये, तीन थर बसलेत एकावर एक. प्रत्येक थर सुकताना आवळत गेला, अंगठी बोटात रुतावी तसा, आणि पुढचं रक्त थांबलं. अर्धा सेंटिमीटर शेपटी गेली. तिला त्यानंतर काही त्रास नाही पण तेवढा तुकडा मी वेळेवर बघितलं असतं तर वाचला असता, आणि बघायला अर्धा मिनिट सुद्धा लागत नाही.

आता टबमधली हवा

डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे ह्युमिडिटी मोजणारा मीटर घ्या, वायरच्या टोकाला प्रोब (मोजणारा भाग) असलेला मिळाला तर उत्तम. ऑनलाइन मिळतोच, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतही विचारून बघा. प्रोब झाकणाला चिकटवू नका, साप जिथे बसतो त्या उंचीवर ठेवा, वर आणि खाली खूप फरक असतो. मीटर खरं बोलतोय का हे घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओलसर करा, विरघळू देऊ नका, झाकण आणि मीटर एकाच झिपलॉक पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. मीटरने ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवलं पाहिजे. ७० दाखवलं तर तुमचा मीटर ५ ने कमी सांगतो, तेवढं लक्षात ठेवून पुढे वाचत जा.

बॉल पायथनला रोज ६० ते ७० टक्के लागते, कात येताना ७० ते ८०. कॉर्न स्नेकला रोज ४० ते ६० पुरते, कातीच्या वेळी ६५-७० पर्यंत न्या. उष्णताही जागेवर हवी, बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ अंश आणि गार बाजू २५ ते २७, कॉर्नला गरम बाजू २९ ते ३१ आणि गार बाजू २२ ते २५. हीट मॅट, म्हणजे टबखालची तापणारी चटई असेल तर तिची उष्णता आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट असलाच पाहिजे, बिनाथर्मोस्टॅटची मॅट सापाचं पोट भाजते आणि टब पण कोरडा करते.

पुण्यात खरी अडचण मार्च ते मे. दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की आपलेच ओठ फुटतात, त्यात जाळीचं झाकण आणि वर पंखा, मग टबमध्ये ओल टिकणार कशी? जाळीचा दोन तृतीयांश भाग अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याने किंवा जाड प्लास्टिकने झाका, बाकीचा उघडा राहू द्या, हवा खेळली पाहिजे. वर बल्ब असेल तर त्याच्याजवळ प्लास्टिक अजिबात येऊ देऊ नका. पाण्याचं भांडं मोठं घ्या, साप पूर्ण वेटोळं घालून बसेल एवढं. खाली कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा वापरा, नर्सरीत वीट मिळते, फक्त खत मिसळलेलं पॉटिंग मिक्स घरी आणू नका. कोकोपीट एवढं ओलं हवं की मुठीत दाबलं तर लाडू वळावा पण पाणी गळू नये. दिवसातून चार वेळा स्प्रे मारण्यापेक्षा टबच्या कोपऱ्यांतून थोडं पाणी खाली ओता, खालचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा, सापाचं पोट ओल्यात राहत नाही. स्प्रेने ह्युमिडिटी चढते आणि तासाभरात उतरते, मीटरवर नजर ठेवलीत तर तुम्हालाच दिसेल.

खोलीत कूलर असेल तर ओल आपोआप वाढते, फक्त झोत टबवर येऊ देऊ नका. एसी मात्र हवा सुकवतो. आणि टब खिडकीच्या उन्हात नको, एप्रिलमधे बंद टब उन्हात अर्धा तास राहिला तरी साप मरू शकतो.

एकच गोष्ट करायची असेल तर ओलसर हाइड, म्हणजे सापाला लपायला ओलसर जागा, ती करा. झाकण असलेला प्लास्टिकचा डबा, तुळशीबागेत मिळतात तसा, त्याला साप सहज जाईल एवढं भोक पाडायचं, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करायच्या, आत भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरायचं आणि डबा गरम बाजूला ठेवायचा. मॉस नसेल तर ओले टिश्यू चालतात, रोज बदला. मी आता डब्याऐवजी मातीची कुंडी वापरते, कसब्यात कुंभारवाड्यातून आणलेली, रंग न दिलेली. रात्रभर पाण्यात भिजवायची, काठ फुटलेला असेल तर घासून घ्यायचा, आणि आडवी ठेवून आत मॉस घालायचं. माती पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, शिवाय बाहेरून खरबरीत असल्यामुळे चिंगी ओठ तिथेच घासते. कुंडी माठासारखी गार पडते म्हणून ती गरम बाजूलाच हवी, हे विसरू नका.

एवढं करूनही कात अडकली तर

पहिले २४ तास काहीच करू नका, फक्त ह्युमिडिटी वाढवा, ओलसर हाइड ताजं करा आणि त्याला एकटं सोडा. बऱ्याचदा रात्रीत उरलेली कात निघून जाते. नुकतंच खाल्लेलं असेल तर निदान दोन दिवस थांबा, भरल्या पोटी हाताळलं तर उलटी होते.

नाही निघाली तर वाफारा देऊ, म्हणजे उकळत्या पाण्याचा नाही, कोमट ओल्या टॉवेलचा. झाकणाला भोकं असलेला एक टब घ्या, हा टब फक्त सापासाठीच, स्वयंपाकघरातला नको. दोन जुने सुती टॉवेल २९-३० अंशाच्या पाण्यात भिजवून पिळा. हे पाणी आपल्या मनगटाला ना गार ना गरम लागतं, आपल्याला कोमट सुखद वाटलं तर सापाला ते जास्त गरम असतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर लावा. टॉवेल टबमधे सैल टाका, त्यात साप सोडा, झाकण लावा आणि ३०-४० मिनिटं तिथेच बसा. टब हीट मॅटवर किंवा उन्हात ठेवायचा नाही. फोन आला, दारावर कुरिअर आलं म्हणून उठून जायचं नाही. पाणी भरून त्यात साप बुडवून ठेवायची गरज नसते, घाबरलेला साप पोहून पोहून दमतो.

मग एक ओला टॉवेल हातात घ्या आणि सापाला त्याच्या घडीतून स्वतःहून पुढे जाऊ द्या, तुमची मूठ सैल, फक्त कापड अंगाला लागेल एवढी. तो पुढे सरकतो आणि कात कापडाला चिकटून मागे राहते. तुम्ही ओढायचं नाही, तो ओढतो. नेहमी डोक्याकडून शेपटीकडे, उलटं कधीच नाही, खवल्यांची दिशा तीच असते. पहिल्यांदा चिंगी अशी टॉवेलमधून गेली तेव्हा पांढुरका पापुद्रा सरकत मागे येत होता आणि खालून तिचे काळे-तपकिरी पट्टे एकेक करून इतके झळझळीत बाहेर आले की मी श्वास रोखून बघत बसले होते. जिथे कात हटत नाही तिथे जोर लावू नका, थांबा, दुसऱ्या दिवशी परत करा. तीन दिवस करून निघाली नाही तर व्हेट.

शेपटीच्या टोकाला वेगळं बघा. तेवढाच भाग कोमट ओल्या कापडात १० मिनिटं गुंडाळून धरा, मग दोन बोटांत ओलं कापड घेऊन टोकाकडे हलकेच सरकवा. टोक सुजलेलं, काळं किंवा कडक वाटलं तर घरी प्रयोग नकोत.

डोळ्यावरची काच, इथे हात आवरा

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते माणसाच्या घाईने होतं. डोळा सुरकुतलेला, खोलगट, राखाडी दिसला म्हणजे काच राहिलीच असं नाही, पाणी कमी पडलं तरी डोळा असाच दबलेला दिसतो. अशा वेळी काच समजून कोणी खरवडलं तर खालची खरी, जिवंत काच निघते आणि डोळा कायमचा जातो. म्हणून चिमटा नाही, नख नाही, सेलोटेप नाही, इंटरनेटवर कितीही व्हिडिओ दिसले तरी नाही. वाफारा दिल्यावर ओल्या कानकाडीने, म्हणजे कापूस लावलेल्या काडीने, नाकाच्या बाजूने मागे एकदा-दोनदा अलगद फिरवा, सुटली तर सुटली. नाही सुटली तर सोडून द्या, ह्युमिडिटी नीट ठेवा, पुढच्या कातीबरोबर बहुतेक वेळा ती निघून जाते. पुढच्या कातीलाही राहिली, किंवा डोळा सुजला, त्यातून पाणी-पू आला, तर लगेच डॉक्टर.

अंगाला काय लावायचं नाही

आमच्या आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अगं थोडं खोबरेल लाव, सुटेल. तिचा जीव तुटत होता म्हणून म्हणाली, पण तेलाने कात भिजत नाही, उलट खवल्यांच्या फटीत कोकोपीट चिकटून बसतं. व्हॅसलिन, बॉडी लोशन, साबण हेही नको. टब धुताना फिनाईल आणि डेटॉल वापरू नका, त्यातली फिनॉल जातीची रसायनं सापांना विषारी असतात, आणि कपाटातल्या डांबरगोळ्याही टबपासून लांब ठेवा. गरम पाणी आणि भांड्याचा साबण, नंतर भरपूर धुवून पूर्ण वाळवणं, एवढं रोजच्या कामाला पुरतं. सापाला, टबला किंवा कातीला हात लावला की हात साबणाने धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, घरात पाच वर्षांखालची मुलं असतील तर त्यांना लांबच ठेवा.

हवा नीट असूनही कात अडकत असेल तर गोचीडासारखे बारीक माइट्स आहेत का बघा. टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीच्या खालच्या घडीत, आणि पाण्याच्या भांड्यात तळाशी मेलेले. साप दिवस दिवस पाण्यात बसून राहतो ही पण खूण. पांढऱ्या टिश्यूने अंग पुसून बघा, ठिपके चालायला लागले तर माइट्सच. कुत्र्याचं गोचीड मारायचं औषध आणून मारू नका, डोस चुकला तर साप जातो. जुनी जखम, त्वचेचं इन्फेक्शन, कमी खाणं यानेही कात अडकते, ते घरी कळत नाही.

पावसाळ्यात सगळं उलटं

जूनच्या मध्यानंतर पुण्यात हवाच इतकी ओली असते की उन्हाळ्यातली सवय तशीच चालू ठेवली तर पोटाखालचे खवले तांबूस-तपकिरी व्हायला लागतात, फोड येतात, खवले सडतात. तेव्हा झाकणावरचं प्लास्टिक काढा, कोपऱ्यात पाणी ओतणं बंद, मॉसला बुरशीचा वास आला की फेकून नवीन. नाकाशी बुडबुडे, श्वासाचा शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडं ठेवून श्वास, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी व्हेटकडे, हे छातीचं इन्फेक्शन असू शकतं. हिवाळ्यात रात्री थंडी वाढते, मॅट सतत चालते आणि टब परत सुकतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत मीटर रोज बघा.

व्हेट शोधायचा तो सरपटणारे प्राणी बघणारा, सगळे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर साप बघत नाहीत, म्हणून फोन करून स्पष्ट विचारा आणि तो नंबर साप आजारी पडायच्या आधीच सेव्ह करून ठेवा. नेताना सापाला सुती उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून, भोकं असलेल्या डब्यात ठेवा, दुपारच्या उन्हात टू-व्हीलरवर नेऊ नका. बरोबर पडलेली कात न्या, तुकडे असले तरी सगळे, आणि टबच्या ह्युमिडिटीचे आकडे.

त्यासाठी मी एक साधी वही ठेवलीये. डोळे निळे झाल्याची तारीख, स्वच्छ झाल्याची, कात पडल्याची, अखंड की तुकडे, दोन्ही काचा आहेत का, शेपटीचं टोक आहे का, त्या आठवड्यातली ह्युमिडिटी. कात सुकवून कागदी पाकिटात तारीख टाकून ठेवते, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. गेल्या मे महिन्याच्या पाकिटावर लिहिलंय अखंड, दोन काचा, टोक पूर्ण, ह्युमिडिटी ७२.